छोट्या मोटारीची परदेशवारी : जपानच्या डायहात्सूची वाटचाल

जपानी मोटार म्हटली की सर्वसामान्य वाचकाच्या डोळ्यांसमोर टोयोटा, निस्सान, होंडा यांसारख्या बड्या कंपन्यांची नावे येतात. भारतीय वाचकाला सुझुकीही तितकीच परिचयाची आहे. परंतु जपानच्या मोटार उद्योगात असे एक नाव आहे की, जे या सर्वांपेक्षा जुने असूनही आपल्याकडे फारसे ठाऊक नाही. ते नाव म्हणजे ओसाका येथील डायहात्सू. लहान इंजिन, लहान मोटार आणि मोजका खर्च हे या कंपनीच्या कार्याचे सूत्र राहिले आहे. या सूत्राच्या बळावर तिने युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलिया व आशिया या खंडांतील बाजारपेठांत पाऊल टाकले. काही ठिकाणी तिला माघार घ्यावी लागली, तर काही ठिकाणी तिची मोटार दुसऱ्याच नावाने घरोघरी पोहोचली. स्वतःचा मोटार उद्योग उभारू पाहणाऱ्या देशांच्या दृष्टीने हा इतिहास उद्‌बोधक आहे.

इंजिनापासून प्रारंभ

१९०७ साली ओसाका येथे 'हात्सुदोकी सेइझो' ही कंपनी स्थापन झाली. जपानी भाषेत 'हात्सुदोकी' म्हणजे इंजिन व 'सेइझो' म्हणजे निर्मिती. तेथील अभियांत्रिकी विद्यालयातील अध्यापकांचा या स्थापनेत पुढाकार होता. त्या काळी जपानमधील बहुतेक इंजिने परदेशांतून येत असत. ती स्वदेशात तयार व्हावीत, हा या मंडळींचा हेतू होता. ओसाका या नावातील पहिल्या चित्राक्षराचा एक उच्चार 'दाइ' असा होतो. त्याला इंजिनवाचक शब्दातील 'हात्सु' जोडून लोकांनी या कंपनीला 'डायहात्सू' म्हणावयास प्रारंभ केला आणि १९५१ साली कंपनीने तेच नाव अधिकृतरीत्या धारण केले.

१९३० च्या सुमारास कंपनी वाहननिर्मितीकडे वळली. तिचे पहिले वाहन तीन चाकांचे होते. मोठ्या मालमोटारी परवडत नसलेल्या लहान व्यापाऱ्यांना अशा वाहनाची निकड होती. दुसऱ्या महायुद्धानंतर हीच निकड अधिक तीव्र झाली. १९५७ साली कंपनीने 'मिजेट' हे अवघ्या २४९ सी.सी. क्षमतेच्या एकाच सिलिंडरच्या इंजिनावर चालणारे तीनचाकी मालवाहन बाजारात आणले. अरुंद गल्ल्यांतून सहज फिरणारे हे वाहन जपानी दुकानदारांनी उचलून धरले.

डायहात्सूच्या परदेशगमनाचा पहिला ठळक टप्पा या मिजेटनेच गाठला. दक्षिण-पूर्व आशियातील देशांत तिची निर्यात होऊ लागली. थायलंडमध्ये तिच्या मागील भागात प्रवाशांसाठी आसने बसविण्यात आली आणि तेथील सुप्रसिद्ध 'टुकटुक' रिक्षेच्या पूर्वजांत तिची गणना होते. अयुथ्या आणि त्रांग या शहरांतील बेडकाच्या तोंडासारख्या दिसणाऱ्या रिक्षा आजही तिच्याच वळणाच्या आहेत. इंडोनेशियात १९६२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या सुमारास जाकार्ताच्या रस्त्यांवर हीच गाडी 'बेमो' या नावाने आली. आपल्याकडील तीनचाकी रिक्षेचे मूळ इटलीतील पियाज्यो कंपनीच्या वाहनात आहे. पुण्याच्या बजाज ऑटोने त्याचा परवाना घेऊन ती येथे रुजविली. थायलंड व इंडोनेशिया यांच्या बाबतीत तेच कार्य मिजेटने केले, असे म्हणता येईल.

'केई' मोटारीचे स्वरूप

डायहात्सूचे पुढील यशापयश समजून घ्यावयाचे तर जपानमधील 'केई' वर्गाच्या मोटारींची माहिती असणे आवश्यक आहे. 'केई' याचा अर्थ हलकी. १९४९ पासून जपान सरकारने अत्यंत लहान वाहनांचा हा स्वतंत्र वर्ग निर्माण केला. लांबी, रुंदी व इंजिनाची क्षमता ठराविक मर्यादेत असल्यास कर व विमा यांत सवलत मिळते. शहरांत मोटार नोंदविण्यापूर्वी ती उभी करण्यासाठी जागा असल्याचा दाखला द्यावा लागतो. अनेक भागांत केई मोटारीच्या मालकांना या अटीतूनही सूट असते. इंजिनाची मर्यादा दीर्घकाळ ३६० सी.सी. होती. ती १९७६ मध्ये ५५० आणि १९९० मध्ये ६६० सी.सी. झाली. लांबीची मर्यादा आज ३.४ मीटर, तर रुंदीची १.४८ मीटर आहे.

सामान्य जपानी कुटुंबाला मोटार परवडावी व देशी उद्योगाला चालना मिळावी, हा या धोरणाचा उद्देश होता आणि तो बऱ्याच अंशी सफल झाला. जपानमध्ये विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींपैकी एक तृतीयांशाहून अधिक मोटारी आज याच वर्गातील असतात. मात्र या धोरणाची दुसरी बाजूही आहे. जपानी करनियमांच्या मापाने बेतलेली मोटार अन्य देशांतील ग्राहकाला फारच लहान वाटते. तेथे तिला करसवलतही नसते. त्यामुळे केई मोटारीत प्रावीण्य मिळविलेल्या कंपनीला निर्यातीसाठी निराळी, किंचित मोठी मोटार तयार करावी लागते. देशांतर्गत विक्रीसाठी एक आणि परदेशासाठी दुसरी असा दुहेरी खर्च लहान कंपनीला सोसणे अवघड असते.

युरोपात प्रवेश

निर्यातीयोग्य अशी डायहात्सूची पहिली चारचाकी प्रवासी मोटार म्हणजे 'कोम्पान्यो'. १९६३ साली आलेल्या या मोटारीचे बाह्यरूप इटलीतील विन्याले या कारागीरसंस्थेने आखले होते. १९६५ साली ती ब्रिटनमध्ये विक्रीस ठेवण्यात आली. ब्रिटिश बाजारपेठेत आलेली ही पहिलीच जपानी मोटार होय. परंतु तेथील ग्राहकाला देशी बनावटीच्या लहान मोटारी सहज उपलब्ध होत्या आणि जपानी मालाविषयी विश्वास निर्माण झालेला नव्हता. परिणामी बोटांवर मोजण्याइतक्याच कोम्पान्यो विकल्या गेल्या. पहिला येणारा यशस्वी होतोच असे नाही, हा धडा कंपनीला येथे मिळाला.

१९६७ साली डायहात्सूने टोयोटाशी सहकार्याचा करार केला. जपानची बाजारपेठ परदेशी भांडवलास खुली होण्याची चिन्हे दिसत असताना लहान कंपन्यांनी मोठ्यांचा आधार घ्यावा, असा त्या काळचा प्रवाह होता. या करारामुळे डायहात्सूला स्थैर्य लाभले. त्याबरोबरच मोठ्या मोटारींच्या क्षेत्रात आपण उतरावयाचे नाही, ही तिची मर्यादाही निश्चित झाली.

१९७३ च्या तेलसंकटाने जगभर इंधनाची काटकसर हा जिव्हाळ्याचा विषय बनला. या पार्श्वभूमीवर १९७७ साली डायहात्सूने 'शराड' ही मोटार आणली. तिच्यात ९९३ सी.सी. क्षमतेचे तीन सिलिंडरचे इंजिन होते. त्या काळी लहान मोटारींत चार सिलिंडरचे इंजिन वापरण्याचा सर्वसाधारण प्रघात होता. एक सिलिंडर कमी केल्याने इंजिनाची लांबी, वजन व अंतर्गत घर्षण कमी होते आणि इंधनाची बचत होते. परंतु तीन सिलिंडरच्या रचनेत इंजिनाची दोन टोके आलटून पालटून वर-खाली होऊ पाहतात व त्यामुळे कंप जाणवतो. हा कंप शमविण्यासाठी डायहात्सूच्या अभियंत्यांनी इंजिनात तोल साधणारा एक जादा दंड बसविला. तो मुख्य दंडाच्या विरुद्ध दिशेने फिरून कंपाचा परिहार करीत असे. आज लहान मोटारींत तीन सिलिंडरची इंजिने सर्वत्र आढळतात. चारचक्री एक लिटर इंजिनात ही रचना व्यवहार्य करून दाखविणाऱ्यांत डायहात्सूला मानाचे स्थान आहे. १९८३ मध्ये याच क्षमतेचे डिझेल इंजिनही तिने शराडमध्ये बसविले.

शराडमुळे युरोप, ऑस्ट्रेलिया व आफ्रिका येथे कंपनीचे नाव झाले. इटलीतील इन्नोचेंती कंपनीने आपल्या लहान मोटारींसाठी १९८२ पासून डायहात्सूचे तीन सिलिंडरचे इंजिन स्वीकारले. पुढे १९९२ पासून पियाज्योने डायहात्सूच्या 'हायजेट' या छोट्या मालवाहनावर आधारित 'पोर्टर' हे वाहन इटलीतील पोन्तेदेरा येथे तयार करण्यास प्रारंभ केला. पूर्व आफ्रिकेतील खडतर सफारी रॅलीत १९९३ साली टोयोटाच्या शक्तिशाली गाड्यांनी पहिले चार क्रमांक पटकावले, तेव्हा त्यांच्या पाठोपाठ पाचवा, सहावा व सातवा क्रमांक छोट्या शराड गाड्यांनी मिळविला.

भारताशी थोडक्यात हुकलेली गाठ

या इतिहासाचा एक धागा भारताशीही जुळतो. १९८०-८२ च्या सुमारास केंद्र शासनाच्या मालकीची मारुती उद्योग ही कंपनी छोट्या मोटारीसाठी परदेशी सहकारी शोधत होती. मारुतीचे पथक जपानला गेले असता सुझुकीकडून त्याला प्रारंभी प्रतिसाद मिळाला नव्हता. पुढे मारुती व डायहात्सू यांच्यात करार होण्याची शक्यता असल्याची बातमी सुझुकीच्या एका संचालकाच्या वाचनात आली. त्याने मुख्यालयाकडे चौकशी केली, तेव्हा झालेला प्रकार वरिष्ठांना समजला. सुझुकीने तातडीने तारयंत्रावरून संदेश पाठवून मारुतीच्या पथकास पुन्हा पाचारण केले. ऑक्टोबर १९८२ मध्ये सुझुकीशी करार झाला आणि डिसेंबर १९८३ मध्ये पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती पडली. पुढे भारत ही सुझुकीची सर्वांत मोठी बाजारपेठ झाली. प्रतिस्पर्ध्याच्या नावाची एक बातमी अशा रीतीने दोन्ही कंपन्यांच्या भवितव्यावर परिणाम करून गेली.

श्रीमंत बाजारपेठांतील माघार

१९८८ च्या सुमारास डायहात्सूने अमेरिकेत प्रवेश केला. तेथे शराड व नंतर 'रॉकी' ही चारही चाकांना गती देणारी गाडी विक्रीस ठेवण्यात आली. परंतु १९९२ मध्येच कंपनीने तेथून काढता पाय घेतला. या अपयशाची कारणे लक्षात घेण्याजोगी आहेत. १९८५ च्या प्लाझा करारानंतर डॉलरच्या तुलनेत येनचे मूल्य झपाट्याने वाढले आणि जपानमधून येणारी स्वस्त मोटार स्वस्त राहिली नाही. अमेरिकेत इंधन त्या वेळी स्वस्त होते, अंतरे लांब होती आणि ग्राहकाचा कल मोठ्या गाड्यांकडे होता. इतर जपानी कंपन्या तेथे आधीच स्थिरावलेल्या होत्या.

याहून मूलभूत कारण अर्थशास्त्राचे आहे. मोटार लहान झाली म्हणून जहाजाचे भाडे, विक्रेत्यांचे जाळे, सुट्या भागांचा साठा, जाहिरात आणि त्या त्या देशाच्या नियमांनुसार कराव्या लागणाऱ्या चाचण्या यांचा खर्च त्या प्रमाणात लहान होत नाही. लहान मोटारीवरील नफा मात्र थोडाच असतो. म्हणून लहान मोटारीचा व्यवसाय मोठ्या संख्येनेच किफायतशीर ठरतो. ज्या देशात वर्षाला काही हजारच गाड्या खपतात, तेथे हे गणित जुळत नाही.

हेच गणित पुढे इतरत्रही चुकत गेले. मार्च २००६ अखेर डायहात्सूने ऑस्ट्रेलियातील विक्री थांबविली. युरोपात प्रदूषणविषयक नियम कडक होत गेले आणि येन पुन्हा महागला. तेव्हा जानेवारी २०११ मध्ये कंपनीने माघारीची घोषणा केली व जानेवारी २०१३ अखेर तेथील नव्या मोटारींची विक्री बंद झाली. ज्या ब्रिटनमध्ये १९६५ साली पहिली जपानी मोटार म्हणून तिने पाऊल ठेवले, तेथील तिचे पर्व अशा रीतीने संपले.

आशियात रुजलेले रोप

आशियात मात्र निराळे चित्र दिसते. येथे डायहात्सूने तयार मोटारी पाठविण्याऐवजी तंत्रज्ञान, सुटे भाग व प्रशिक्षण देण्याचा मार्ग पत्करला. चीनमधील तियानजिन येथे १९८४ पासून हायजेट आणि १९८६ पासून शराड परवान्याने जोडली जाऊ लागली. 'शियाली' या नावाने ही मोटार तियानजिन व बीजिंगच्या रस्त्यांवर टॅक्सी म्हणून सर्वपरिचित झाली. पाकिस्तानात कराचीच्या इंडस मोटर कंपनीने २००० ते २०१२ या काळात डायहात्सूची 'कुओरे' ही छोटी मोटार तयार केली.

मलेशियाचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. त्या देशाने १९८३ साली प्रोटॉन ही पहिली राष्ट्रीय मोटार कंपनी स्थापन केली होती. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी आणखी लहान मोटार हवी म्हणून १९९३ साली 'पेरोदुआ' ही दुसरी कंपनी स्थापन झाली. तिच्या मलय नावाचा अर्थच मुळी 'दुसरी मोटार कंपनी' असा होतो. डायहात्सू तिची भागीदार झाली. १९९४ साली डायहात्सूच्या 'मीरा' या मोटारीवर आधारित 'कांचिल' बाजारात आली. कांचिल म्हणजे मलय लोककथांतील इवलेसे पण चतुर पिसूरी हरीण. दुचाकीवरून मोटारीकडे वळणाऱ्या अनेक मलेशियन कुटुंबांची ती पहिली मोटार ठरली. २००५ मध्ये आलेल्या 'मायवी'ने पेरोदुआला देशातील अग्रगण्य कंपनीचे स्थान मिळवून दिले. २०२३ साली तिची वार्षिक विक्री तीन लाखांहून अधिक होती. स्थानिक पुरवठादारांकडून सुटे भाग घेण्यावर भर दिल्यामुळे तेथे लहानमोठ्या कारखान्यांची साखळी उभी राहिली.

इंडोनेशियात १९९२ मध्ये अॅस्ट्रा डायहात्सू मोटर ही संयुक्त कंपनी अस्तित्वात आली. तेथील मोठी कुटुंबे व खराब रस्ते विचारात घेऊन टोयोटा व डायहात्सू यांनी मिळून सात आसनांची मोटार तयार केली. २००३ अखेर ती टोयोटा 'अवांझा' व डायहात्सू 'झेनिया' या दोन नावांनी आली आणि अल्पावधीत लोकप्रिय झाली. २०१३ मध्ये इंडोनेशियन शासनाने कमी किमतीच्या व कमी इंधन जाळणाऱ्या मोटारींना चैनीच्या वस्तूंवरील करातून सूट दिली. पेट्रोल इंजिन १,२०० सी.सी. पर्यंत असावे, लिटरमागे किमान २० किलोमीटर अंतर कापले जावे आणि भाग देशातच बनावेत, अशा अटी तीत होत्या. डायहात्सूची 'आयला' ही या योजनेतील आरंभीच्या मोटारींपैकी एक होय. लहान मोटारीसाठी शासनाने सवलत देऊन उद्योग उभा करावयाचा, हे जपानच्या केई धोरणाचेच तत्त्व येथे वेगळ्या रूपात अवतरलेले दिसते.

दरम्यान १९९८ मध्ये टोयोटाकडे डायहात्सूचे बहुसंख्य भाग गेले आणि ऑगस्ट २०१६ मध्ये ती संपूर्णपणे टोयोटाच्या मालकीची झाली. विकसनशील देशांसाठी लहान मोटारी तयार करण्याची जबाबदारी टोयोटा समूहाने तिच्याकडे सोपविली.

विश्वासाची कसोटी

ही जबाबदारी वाढत असतानाच कंपनीवर मोठा प्रसंग ओढवला. एप्रिल २०२३ मध्ये असे उघडकीस आले की, परदेशांसाठीच्या काही मोटारींच्या बाजूने होणाऱ्या धडकेच्या चाचणीत दाराच्या आतील आवरणात खाचा पाडण्यात आल्या होत्या. आघाताने ते आवरण तीक्ष्ण कडा न होता मोडावे, हा त्यामागील हेतू होता. प्रत्यक्ष विकल्या जाणाऱ्या मोटारींत मात्र अशी रचना नव्हती. थायलंड व मलेशिया येथे तयार होणाऱ्या मोटारींचा यांत समावेश होता. त्यानंतर नेमलेल्या स्वतंत्र समितीने डिसेंबर २०२३ मध्ये अहवाल दिला. त्यात चाचण्यांच्या २५ बाबींत १७४ नवे गैरप्रकार नोंदविण्यात आले. काही चाचण्यांत हवेच्या सुरक्षा पिशव्या धडक ओळखणाऱ्या यंत्रणेऐवजी ठराविक वेळ लावून उघडण्यात आल्या होत्या. यांतील सर्वांत जुना प्रकार १९८९ मधील होता. कंपनीने जपानमध्ये व परदेशांत सर्व मोटारी पाठविणे थांबविले. तपासणीनंतर टप्प्याटप्प्याने काम पुन्हा सुरू झाले आणि मार्च २०२४ मध्ये कंपनीचे नेतृत्व बदलण्यात आले.

समितीने या प्रकाराचे मूळ अत्यंत आवळलेल्या वेळापत्रकात असल्याचे नमूद केले. २०११ मध्ये एक मोटार विक्रमी अल्पकाळात तयार झाली, तेव्हा त्याचे कौतुक झाले आणि तोच वेग पुढे नेहमीचा दंडक बनला. चाचणी हा विकासाचा अखेरचा टप्पा असल्यामुळे आधी झालेल्या विलंबाचा सारा भार तेथील मोजक्या कर्मचाऱ्यांवर पडे. चाचणी फसली तर मोटारीचे आगमन लांबेल, हे सांगण्याचे धैर्य कोणास होत नसे. लहान मोटारीत खर्चाची काटकसर अपरिहार्य असते. परंतु त्या काटकसरीची सीमा कोठे आखावी, हा प्रश्न या घटनेने ऐरणीवर आणला. स्वस्त मोटार घेणारा ग्राहक हा बहुधा आपल्या आयुष्यातील पहिली मोटार घेत असतो. तो आपल्या कुटुंबाला त्या मोटारीत बसवितो, ते कारखान्याने दिलेल्या दाखल्यावर विसंबूनच.

उपसंहार

शतकाहून अधिक काळाच्या या वाटचालीतून काही गोष्टी स्पष्ट होतात. लहान मोटारीला मोठी संख्या लागते आणि ती संख्या सधन देशांपेक्षा नव्याने मोटार घेऊ लागलेल्या देशांत अधिक मिळते. अशा देशांत तयार माल विकण्यापेक्षा तेथील कामगार, पुरवठादार व शासनाचे धोरण यांच्याशी सांगड घालणारा उद्योग अधिक काळ टिकतो. मलेशियातील पेरोदुआ व इंडोनेशियातील अॅस्ट्रा डायहात्सू ही त्याची उदाहरणे होत. ब्रिटन, अमेरिका व ऑस्ट्रेलिया येथे जे नाव टिकू शकले नाही, तेच कौशल्य आशियात स्थानिक नावांनी रुजले.

तथापि, सहकार्याने उद्योग उभारणाऱ्या प्रत्येक देशाने २०२३ ची घटनाही ध्यानात ठेवावयास हवी. परदेशी तंत्रज्ञान स्वीकारताना त्याची चाचणी घेण्याची स्वतःची, स्वतंत्र व्यवस्था उभी करणे तितकेच महत्त्वाचे असते. मोटार कितीही लहान असली, तरी तिच्यात बसणाऱ्या माणसाच्या जीविताचे मोल मोठ्या मोटारीतील माणसापेक्षा तसूभरही कमी नसते.